बाहेरून घातलेली कडी

निलगिरीचा वास आला की अजून माझं डोकं फिरतं. तेव्हा जगभर फ्लूची साथ होती आणि जो तो निलगिरीचा रुमाल नाकाला लावून फिरे. आमच्या लालबागच्या चाळीत दिवसा कुणाचंच दार बंद नसे. पण शेजारची एकटी खाणावळवाली मावशी तापाने पडली आणि रोज तिच्या हातचं जेवणाऱ्यांनीच बाहेरून कडी घातली. आणि वर तेच गॅलरीत उभं राहून 'संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे' म्हणून घसा फोडायला मोकळे! "आधी शेजारीण तरी आपली म्हणा!" मी ओरडले, कडी काढली आणि दार उघडंच राहावं म्हणून त्याला पाटा लावला. दोन दिवस भिंतीकडे तोंड करून, मी खिडकीतून दिलेलं पाणीसुद्धा नको म्हणत पडलेली मावशी त्याच संध्याकाळी गॅलरीतली वर्दळ बघत उठून बसली. म्हणाली, "माका वायच पेज दी गो." आता माझ्या इमारतीत कुणी आजारी नसतानाही सगळी दारं बंद असतात, आणि कड्या आतून असतात.