दादाला वर बोलावलं

वारज्याच्या आमच्या घरात वरच्या खोलीत तेव्हा एक परदेशी विद्यार्थिनी भाड्याने राहत होती. डॉमिनिकन रिपब्लिकची. हा देश नकाशात शोधताना माझ्या सासऱ्यांना भिंगच काढावं लागलं होतं. ती मला काकू म्हणे, त्यांना आजोबा. मराठी भाजीवाल्यांकडून शिकलेली, त्यामुळे थेट मुद्द्यावर यायची.

एका शनिवारी ती जिना उतरत ओरडली, "काकू, माझ्या दादाला वर बोलावलं!"

माझ्या हातातली कणीक तशीच राहिली. मी तिला जवळ घेतलं, तर ही हसतेय! मग उलगडा झाला. तिचा भाऊ अमेरिकेत बेसबॉल खेळायचा, गोलंदाज होता. कोपराचं ऑपरेशन झालेलं, कित्येक वर्षं खालच्या लीगमध्ये अडकलेला. आता त्याला मुख्य संघात घेतलं होतं.

सामना आपल्याकडच्या रविवारी सकाळी होता. तिने लॅपटॉप टीव्हीला जोडला. पोह्यांच्या पातेल्याला टेकवून फोन उभा केला, त्यात तिची आई. लेकाचा खेळ बघवेना म्हणून ती माउली पाठ फिरवून बसली होती.

सासऱ्यांचा जन्म क्रिकेटमध्ये गेलेला. "चेंडू मारला नाही तरी पुढे जायला मिळतं? मग बॅट कशाला घेतात, मिरवायला?" ती न चिडता समजावत होती. चेंडू पकडायला मागे बसलेला व्हेनेझुएलाचा, लांब कुंपणापाशी उभा तो जपानी.

"अमेरिकेचा खेळ ना हा? मग एखादा अमेरिकन दाखव की!" सासरे म्हणाले.

तेवढ्यात दादा मैदानात आला आणि तिने सोफ्यावरची उशी कुशीत ओढली. विरुद्ध संघाचे तीन खेळाडू धावायला टपलेले. आणखी एक बाद झाला की त्यांचा डाव संपणार होता. दादाचे दोन चेंडू फलंदाजाच्या बॅटला लागलेच नाहीत. तिसरा मात्र त्याने असा हाणला की तिने तोंडावर उशी धरली.

जपानी पाठमोरा धावत सुटला, कुंपणावर चढल्यासारखी उडी मारली आणि चेंडू पलीकडे जाता जाता झेलला.

"याला म्हणतात झेल!" सासरे गुडघेदुखी विसरून उभेच राहिले. पडद्यावर त्या व्हेनेझुएलाच्या गड्याने दादाला उचलून घेतलं होतं.

फोनमधून आई काहीतरी विचारत होती. पोरीला रडण्यातून शब्द फुटेना. मला त्यांची भाषा येत नव्हती. मी फोनसमोर उभी राहिले, टाळ्या वाजवल्या आणि एकटीनेच चक्क फुगडीचा फेर धरला. आईने वळून पाहिलं, पदर असता तर खोचला असता अशी उठली, आणि तिकडे तीही नाचू लागली.

एवढ्यात बेल वाजली. आरडाओरडा ऐकून शेजारीण आली होती. "अहो आजोबा, काय झालं काय?"

"काही नाही," सासरे म्हणाले. "आमचा मुलगा अमेरिकेत खेळतोय. आत या, पोहे घ्या. आणि बोलू नका."