सबवूफरमधली गाज
सबवूफरची वायर हातात आली की तारकर्लीच्या घरातली ती संध्याकाळ आठवते. वडील गेल्यावर त्यांचं एकुलतं एक भजनाचं रेकॉर्डिंग मी कॉम्प्युटरवर लावलं, तर सबवूफर सारखा घुमत होता. कॉम्प्युटर आणि सबवूफर यांचे प्लग एकाच बोर्डावर घेतले तेव्हा घुमणं कमी झालं, पण गेलं नाही. शेवटी मी सबवूफरचा प्लगच काढला. तरी खोलीत तोच खोल आवाज येत राहिला. आई म्हणाली, “गाज ती रे, समुद्राची. तुझ्या जल्माआधीपासून वाजता.” त्याच घरात जन्मून मी ती पहिल्यांदाच ऐकली. हेडफोन लावून भजन पुन्हा ऐकलं, तर रेकॉर्डिंगमध्ये वडिलांच्या आवाजाखालीही तीच होती. आजही सबवूफर घुमला की मी आधी प्लग काढतो, आणि लगेच परत लावत नाही.