यंत्राखाली झोपायचं काम

ऑफिसातल्या प्रत्येक कागदाला एक मुदत असते. ती संपली की कागद जाळून टाकता येतो. किश्श्यांसाठी असा नियम कुणी केला नाही, त्यामुळे माझ्याकडे ते साठत गेले. मी नगरच्या एका हॉस्पिटलात क्लार्क होतो. बहात्तरच्या दुष्काळाच्या आगेमागे तिथे कॅन्सरवर किरणांचा उपचार करणारं यंत्र आलं. त्याआधी आम्हाला फक्त पेशंट समजत नसत. यंत्र आल्यावर काहीच समजेनासं झालं.

खेड्यातले लोक या उपचाराला 'लाईट घेणं' म्हणायचे, आणि त्यात लाईट कुठेच दिसत नसे. पहिली अडचण तीच.

*

उद्घाटनाला जिल्ह्यातले एक वजनदार पुढारी आले होते. दाराशी नारळ फुटला, हार झाले. मग ते म्हणाले, "आता चालू करून दाखवा."

आमचे टेक्निशियन गायकवाड यांनी सगळ्यांना खोलीबाहेर काढलं, जाडजूड दार लावलं, बटण दाबलं. पुढारी काचेतून आत बघत राहिले. आत रिकामं टेबल, वर यंत्र. ना उजेड, ना धूर, ना हालचाल.

थोड्या वेळाने गायकवाड म्हणाले, "झालं."

"काय झालं?"

"चालू होऊन बंद झालं, साहेब."

पुढाऱ्यांनी आमच्या डॉक्टरांच्या खांद्यावर हात ठेवला. डॉक्टर कर्णिक तेव्हा तिशीतले, मुंबईत शिकून आलेले, संशोधनाची भारी हौस. पुढाऱ्यांनी भाषणात सांगितलं, "यंत्रात किरकोळ बिघाड दिसतो. पण हा तरुण खचलेला नाही. यंत्र लवकरच सुरू होईल." टाळ्या सगळ्यात जोरात गायकवाडांनी वाजवल्या.

*

सोनईच्या भागूआजी आमच्या पहिल्या पेशंटपैकी. जन्मभर मिश्री लावून गालात आतून जखम झालेली. रूथ सिस्टरनी त्यांना टेबलावर झोपवलं, डोकं उशीत नीट बसवलं आणि मायेने सांगितलं, "आजी, हलायचं नाही. दुखत नाही, खुपत नाही. अजिबात घाबरायचं नाही."

मग नियमाप्रमाणे सिस्टर, गायकवाड, डॉक्टर असे सगळे भराभरा दाराकडे निघाले. मागून आजींचा आवाज आला:

"मला म्हनता भिऊ नको, आन् तुमी समदे कुठं पळून चाललात?"

यावर वैद्यकशास्त्रात उत्तर आहे, पण ते आजींना सांगण्यासारखं नव्हतं. तेव्हापासून रूथ सिस्टर त्या खोलीतून बाहेर पडताना सावकाश चालत. मध्येच थांबून टेबलावरची चादर सरळ करत.

*

किरण कुठे द्यायचे हे समजावं म्हणून पेशंटच्या कातडीवर जांभळ्या शाईने चौकोन काढायचा. तो कोर्स संपेपर्यंत पुसू द्यायचा नाही. सुप्याहून येणाऱ्या एका गृहस्थांच्या मानेवरचा चौकोन घामाने फिका होत चालला. त्यांचा मुलगा पेंटर, दुकानांच्या पाट्या रंगवायचा. वडिलांची अडचण त्याने एका सकाळी दूर केली.

गृहस्थ आले ते मानेवर लाल ऑइलपेंटचा चौकोन घेऊन. बाजूने पिवळी किनार, खाली कोपऱ्यात बारीक अक्षरात 'बाळू पेंटर, सुपा'.

डॉक्टरांनी मोजपट्टी लावून पाहिली. चौकोन हलला होता.

"अहो, हा तिरका होता. मुद्दाम तिरका काढला होता मी," डॉक्टर म्हणाले.

"व्हय, पोरगं बी तेच म्हनलं," गृहस्थ समाधानाने म्हणाले. "म्हनलं, डॉक्टरला काई रेघ सरळ येत न्हाई. त्यानं सुधरून दिला."

ऑइलपेंट काढायला रॉकेल कुणी द्यायचं, यावर स्टोअरकीपरशी माझा पुष्कळ पत्रव्यवहार झाला.

*

डॉक्टरांचं संशोधन साधं होतं. घशाच्या आणि तोंडाच्या कॅन्सरला पुरा कोर्स दिला तर किती लोक बरे होतात, हे त्यांना बघायचं होतं. दर आठवड्याला ते पेशंटला विचारायचे, "त्रास कमी आहे, तेवढाच आहे, की वाढला?" उत्तर मी लिहून घ्यायचो.

सगळ्यांचं उत्तर एकच: कमी. डॉक्टर हरखून गेले.

एकदा भागूआजी 'लई कमी' म्हणून बाहेर आल्या आणि माझ्या टेबलाशी टेकल्या. म्हणाल्या, "भाऊसाहेब, फरक काई न्हाई बगा. गिळताना जीव जातो."

"मग आत कमी का म्हणालात?"

"ते पोरगं एवढं खपतंय. तेवढाच हाय म्हनलं की त्याचं तोंड एवढंसं हुतं. सकाळच्या पारी कशाला कुनाला दुखवायचं?"

मी हे डॉक्टरांच्या कानावर घातलं. दोन दिवस त्यांचं तोंड खरंच एवढंसं झालं होतं. त्यामुळे त्या आठवड्यात पेशंट मंडळींनी 'लई लई कमी' सांगितलं.

*

खरी पंचाईत वेगळीच होती. कोर्स कुणी पुरा करीत नसे. महिनाभर, सव्वा महिना रोज यायचं. मध्ये मोठा खंड पडला तर आधीचं सगळं वाया. पण कुणाच्या मेव्हणीचं लग्न निघे, कुणाची म्हैस व्यायला येई. डॉक्टरांच्या सगळ्या आशा कोल्हारच्या किसनवर होत्या. चाळिशीचा शेतकरी, घशाचा कॅन्सर, गळ्यावर बाहेरून दिसणारी गाठ, आवाज बसून नुसती कुजबुज उरलेली. पण रोज न चुकता येणारा. "हा वाचेल, भाऊसाहेब," डॉक्टर मला म्हणाले होते. "फक्त मध्ये थांबता कामा नये."

नंतर चार-पाच दिवस किसन आलाच नाही. डॉक्टर रोज एस.टी. स्टँडकडच्या खिडकीत उभे.

सहाव्या दिवशी गायकवाडांनी हाक मारली, "किसनच्या मानेवरची शाई सापडत नाही." आम्ही धावलो. किसन टेबलावर पटका उशाशी ठेवून डोळे मिटून पडला होता. डॉक्टरांनी मान चाचपली. एकदा, दोनदा.

"गाठ गेली," ते म्हणाले. "भाऊसाहेब, लिहा. गाठ पूर्ण नाहीशी."

रूथ सिस्टरनी छातीवर क्रूस केला. डॉक्टर वाकून म्हणाले, "किसन, आवाज कसा आहे?"

"ठनठनीत हाय की," टेबलावरून गडगडाट झाला.

डॉक्टरांचे डोळे भरून आले.

"पन मी दगडू," तो मनुष्य जांभई देत म्हणाला. "किसनचा भाऊ. एकच झालं."

चेहरे दोघांचे एकाच साच्यातले, त्यामुळे उलगडा व्हायला अर्धा तास लागला. पाटाच्या पाण्याची यंदा एवढी एकच पाळी मिळणार होती. पाणी आज सुटणार, उद्या सुटणार असं चाललं होतं, म्हणून किसन घर सोडेना. पण इथली पाळी आणखी चुकू नये, म्हणून शेवटी त्याने भाऊ पाठवला. गावाकडे ज्याची पाळी असेल तो नसला तर भाऊ उभा राहतो. पाणी ज्याचं त्याच्याच वावरात जातं.

"मग तू पाण्यावर थांबायचंस आणि त्याला इकडे पाठवायचंस," डॉक्टर ओरडले.

दगडू खाली बघायला लागला. "मला पान्याची दारं धरताना झोप लागती. मागल्या पाळीला समदं पानी शेजारच्या वावरात गेलं. किसन म्हनला, तिथं नुसतं झोपायचंच हाय. ते तुला जमंल."

*

दुसऱ्या दिवशी सकाळी डॉक्टर, मी आणि दगडू हॉस्पिटलच्या जीपमधून कोल्हारला गेलो. पाणी पहाटेच सुटलं होतं. किसन फावडं घेऊन गुडघाभर चिखलात उभा राहून पाणी एका वाफ्यातून दुसऱ्या वाफ्यात वळवत होता. गळ्यावरची गाठ लांबूनही दिसत होती.

डॉक्टरांनी बांधावर उभं राहून त्याला सगळं सांगितलं. आजही खंड पडला तर मग उपयोग नाही, हेसुद्धा. किसनने ऐकून घेतलं.

"समजतंय मला," तो कुजबुजला. "पन पाळी सांजपर्यंत हाय. घास जळाला तर गाय ऱ्हात न्हाई. दारं कोन धरनार?"

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. मी माझ्या चपलांकडे पाहिलं.

मग डॉक्टरांनी बूट काढले, पँट दुमडली आणि चिखलात उतरून फावड्याला हात घातला. किसन त्यांच्या हाताकडे बघत राहिला. मग त्याने त्यांना एक वाफा फोडून दाखवला, एक बांधून दाखवला, आणि जीपमध्ये जाऊन बसला. ड्रायव्हर त्याला घेऊन नगरला गेला. तिथे बटण दाबायला गायकवाड होतेच.

दुपारपर्यंत डॉक्टरांचा शर्ट कोणत्या रंगाचा होता ते सांगता आलं नसतं. पण एकही वाफा कोरडा राहिला नव्हता. दगडू बाभळीखाली गाढ झोपला होता.

तेवढ्यात शेजारच्या बांधावरून एक मिशाळ गृहस्थ खांद्यावर फावडं टाकून आले आणि किसनच्या पाटाचं पाणी आपल्या वावरात वळवायला वाकले. डॉक्टर फावडं घेऊन आडवे झाले.

"ए, पाण्याला हात लावायचा नाही," डॉक्टर म्हणाले.

गृहस्थांनी त्यांच्या चष्म्याकडे पाहिलं, दुमडलेल्या पँटीकडे पाहिलं.

"तुमी कोन?"

"किसनचा भाऊ," डॉक्टर म्हणाले. "एकच झालं."