गाळ कोठी गेला, जी?

शत्रूच्या घरी आदल्या दिवशी जाऊन, त्याचाच चहा पिऊन, "उद्या तुमच्यावर तुटून पडणार हाओ, तयारीत राहा" असं सांगून येणारा माणूस उभ्या भंडारा जिल्ह्यात एकच निपजला, आणि तो माझ्या नशिबी साडभाऊ म्हणून आला. माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचा नवरा. हे नातं तसं थट्टेचं. एकाच मांडवातून बाहेर पडलेले दोन जावई जन्मभर एकमेकांचे आपोआप साक्षीदार होऊन बसतात. मीही त्यांचा साक्षीदार होतो. साक्ष द्यायची वेळ आली तेव्हा काय केलं, ते सांगायलाच बसलो आहे. पण आधी माणूस सांगतो, नाही तर माझ्या करणीचं वजन तुम्हाला कळायचं नाही.

साडभाऊंची नोकरी जवाहरनगरला, बारुदीच्या कारखान्यात गेली. तिथे म्हणे हाक दिल्याशिवाय कोणी दार उघडत नसे. "आधी सांगतलं म्हंजे मानूस जित्ता राह्यते," हे त्यांचं आयुष्यभराचं तत्त्वज्ञान. निवृत्त होऊन करडी गावाच्या पलीकडच्या आमच्या गावात आले तेव्हा ते तत्त्वज्ञानही सामानाबरोबर टेम्पोतून उतरलं. स्वतःच्याच घरात स्वयंपाकखोलीत शिरताना ते उंबऱ्यावर थांबून "येऊन राहिलो जी!" असा पुकारा करत. शिंक येणार असली तर हात वर करून समोरच्याला सावध करत. कधी कधी शिंक यायचीच नाही, मग दिलगिरी व्यक्त करत. म्हशीला सुई टोचायला डॉक्टर आला तर आधी म्हशीच्या कानाशी जाऊन तिला सांगत. मुलीला पाहायला पाहुणे आले, पोहे पुढे आले, आणि या गृहस्थांनी सगळ्यांदेखत जाहीर केलं, "आमची पोरगी भांडखोर हाये. आताच सांगून ठेवतो, मंग म्हनसाल सांगतलं नाही." सगळ्यांचे घास हातातच राहिले. शेवटी मुलाची आई म्हणाली, "बरं झालं जी, आमचाही पोरगा आळशी हाये." सोयरीक तिथेच जमली. दोघं आजही सुखाने भांडतात.

पण साडभाऊंचा खरा सण म्हणजे ग्रामसभा. त्यासाठी एक पांढरा सदरा राखून ठेवलेला असे. तो लग्नाला नाही, मयतीला नाही, विहारात वंदनेलाही नाही, फक्त ग्रामसभेला. आदल्या दिवशी ताई, म्हणजे माझी थोरली मेहुणी, भाताची पेज काढून त्या सदऱ्याला खळ द्यायची आणि अंगणातल्या दोरीवर वाळत घालायची. दोरीवर तो सदरा ताठ उभा दिसला की गल्लीला कळे, उद्या ग्रामसभा आहे. पंचायतीची दवंडी चुके, पेज चुकत नसे. सदरा वाळत घातला की साडभाऊ निघत थेट सरपंचांच्या घरी. "उद्या तुमाले अमूक प्रश्न इचारणार हाओ. उत्तर शोधून ठेवजा." सरपंचांची बायको चहा देई, हे पीत, कप विसळून ठेवत आणि परत येत. मीही कितीदा सोबत गेलो आहे. एकदा वाटेत म्हणालो, "भाऊ, आधी सांगून टाकलं त तो तयारी करते ना!" ते थांबले. "मंग कायले इचाराचं गा? त्यानं तयारी कराव म्हनूनच त इचारतो."

गंमत अशी की कोणतंही उत्तर त्यांना चाले. "पैसे आले नाहीत" चाले, "चूक झाली" चाले, एकदा सरपंच चिडून "तुम्ही म्हातारे झाले, घरी बसा" म्हणाले, तेही त्यांनी उत्तर म्हणून मान डोलावून स्वीकारलं. चालत नसे ते एकच वाक्य: "माहिती घेऊन सांगतो." ते ऐकलं की त्यांचा चेहरा पडे. वाद घालत नसत. "बरं" म्हणून खाली बसत. त्यांच्या शब्दकोशातली सगळ्यात वाईट शिवी म्हणजे हे "बरं".

जे उलट बोलू शकत नाही त्याच्याशी बोलायचं नाही, हाही एक नेम. फोनमधली बाई "आपण डायल केलेला नंबर" म्हणू लागली की हे तिला दटावत, "बाई, आधी तुह्यं नाव सांग." निवडणुकीच्या दिवसांत एका मोठ्या नेत्याचा फोन आला. चक्क नाव घेऊन, "नमस्कार भाऊ, कसे आहात?" साडभाऊ जेवत होते. ते ताटावरून उठले, हात धुतला, उभे राहिले आणि अदबीने म्हणाले, "साहेब, आमच्या तलावाचा गाळ कोठी गेला, जी?" तिकडे आवाज चालूच. विकास, आशीर्वाद, बटण. यांनी पुन्हा विचारलं. आवाज थांबेना. फोन आपसूक बंद झाला तेव्हा ते मला म्हणाले, "यानंच फोन केला, अन् मी बोलाले लागलो त आयकूनच नाही राहिला." मी समजावलं, की तो माणूस नाही, मशीन आहे, मशीनला आवाज शिकवला की ते कोणाच्याही आवाजात काहीही बोलतं. ते पुन्हा ताटावर बसले. मग म्हणाले, "मंग तो खोटं बोलला त पकडाचं कोनाले?"

आमच्या गावात माझं ऑनलाइन केंद्र आहे. सातबारा, दाखले, पीकविम्याचे अर्ज. खोली पंचायतीची, किल्ली माझी, पण दार सरपंचांचं. त्या खोलीच्या बदल्यात म्हणा, ग्रामसभेचं चित्रीकरण मी मोबाइलवर करून संगणकात जपून ठेवत असे. म्हणजे साडभाऊंचा प्रत्येक प्रश्न, प्रत्येक खाकरणं, प्रत्येक "जी" माझ्याकडे जमा.

तो गाळाचा प्रश्न मुळातच वाईट होता. वाईट म्हणजे फार चांगला. गावच्या मामा तलावाचं, म्हणजे जुन्या मालगुजारी तलावाचं, खोलीकरण झाल्याचा फलक पाळीवर, काठच्या बांधावर, लागला होता. तलावाचा गाळ म्हणजे धानाच्या बांधीला, म्हणजे भातखाचराला, सोनं. साडभाऊ सभेत उभे राहून म्हणाले, "एवढा गाळ निंगाला त तो पडला कोठी? कोनाच्या बांधीत गाळ पडला त त्याची बायको हातपंपावर सांगतल्याबिगर राह्यते का? आतापर्यंत एकीनंही नाही सांगतलं." बाया खळखळून हसल्या. सरपंच म्हणाले, माहिती घेऊन सांगतो. साडभाऊ "बरं" म्हणून बसले, पण पुढच्या ग्रामसभेच्या आदल्या दिवशी पुन्हा सदरा दोरीवर. पुन्हा तोच प्रश्न. हळूहळू पोरं क्रिकेट खेळतानाही चेंडू हरवला की ओरडू लागली, "गाळ कोठी गेला, जी?"

निवडणूक तोंडावर होती. एके दिवशी सरपंच तालुक्याच्या प्रचारकचेरीतल्या एका माणसाला घेऊन केंद्रात आले. त्याला साडभाऊंचा आवाज हवा होता. "शुभेच्छांची क्लिप करायची आहे, ज्येष्ठ नागरिकांची," असं तो म्हणाला आणि म्हणताना हसला. सरपंच खोलीकडे पाहत होते. भिंती, पंखा, टेबल. "रंग द्यायला झाला खोलीले," एवढंच म्हणाले.

बायकोला मी नंतर सांगितलं, मला काही माहीत नव्हतं. इथे खरं लिहितो: माहीत होतं. ते काय बोलायला लावतील ते नव्हतं माहीत, पण शुभेच्छा नव्हेत एवढं नक्की कळत होतं. त्यांना कोणतंही चित्रीकरण चाललं असतं. मीच म्हणालो, मागच्या सभेचं घ्या, त्यात पंख्याचा आवाज नाही. कामात चोख राहण्याची माझी ही सवय.

दोन-चार दिवसांत साडभाऊंचा आवाज गावातल्या प्रत्येक मोबाइलवर आला. "तलावाचा गाळ माह्याच बांधीत पडला. सरपंचानं मले आधीच देल्ला. मी उगाच बोंबललो, गावाची माफी मागतो जी." तोच खर्ज, तीच "जी". ज्यांनी त्यांची बांधी रोज पाहिली होती त्यांनीही ती जाऊन पाहिली नाही. कारण गावाला पुरावा आधीच सापडला होता. पानठेल्यावर एक जण म्हणाला, "म्हनूनच बुढा आदल्या दिवशी सरपंचाच्या घरी जाये! आपन म्हनो, चहाले कायले जाते?" दुसरा म्हणाला, "चहाले नाही गा, गाळाले." सगळे हसले. मी तिथेच उभा होतो. त्या चहाला मी सोबत असायचो, तिथे काय बोलणं होई ते गावात माझ्याइतकं कोणाला ठाऊक नव्हतं. मी पान घेतलं आणि निघालो.

साडभाऊंकडे साधा बटणांचा फोन. त्यांनी तो आवाज दुसऱ्याच्या मोबाइलवर ऐकला. म्हणाले, "हा मी नाही." ऐकवणारा चेष्टेने म्हणाला, "भाऊ, आता हे तुमी बोलून राहिले का मशीन?" समोर हाडामांसाचे उभे असताना! तेव्हापासून त्यांनी काहीही म्हटलं, अगदी पाणी येणार आहे म्हटलं तरी कोणीतरी हेच विचारी आणि हशा पिके.

मग एका संध्याकाळी ते आमच्याकडे आले. आमच्या घरी ते कधी चहा घेत नसत. येत ते थेट ताटावर बसत. त्या दिवशी खुर्चीवर बसले आणि माझ्या बायकोला म्हणाले, "चाय ठेव, बाई."  चहा ते कोणाच्या घरी घेतात, ते मला माहीत होतं.

ते शांतपणे प्यायले. म्हणाले, "त्या आवाजात सर्दी हाये. मले सर्दी मांगच्या सभेतच होती." कप घेऊन मोरीत गेले, विसळला, पालथा घातला. दारात वळून म्हणाले, "उद्या तुले एक प्रश्न इचारणार हाओ गा. उत्तर शोधून ठेवजो."

बायको म्हणाली, "भाऊजी असे काहून बोलले?" मी म्हणालो, "काही नाही."

दुसऱ्या दिवशी सभा भरली. मी नेहमीप्रमाणे मोबाइल धरून उभा. साडभाऊ उठले, त्या ताठ सदऱ्यात, आणि सरपंचांकडे पाठ करून माझ्याकडे वळले. सगळी सभा माझ्याकडे वळली. मोबाइलच्या काचेत ते सरळ माझ्याकडे पाहत होते.

"माह्या आवाज कोनी देल्ला, जी?"

मला ते नेहमी घरच्यासारखं "गा" म्हणायचे. त्या दिवशी "जी" म्हणाले.

उत्तर माझ्याजवळ होतं. सरपंच माझ्याकडे नाही, खोलीच्या दाराकडे पाहत होते. मी म्हणालो, "माहिती घेऊन सांगतो."

"बरं," साडभाऊ म्हणाले आणि खाली बसले.

त्यानंतर ते ग्रामसभेला आले नाहीत. निवडणूक झाली, सरपंच तेच आहेत, सभा आता चहा निवायच्या आत संपते. खोलीला रंग मिळाला. साडभाऊ भेटतात, मुलीची खुशाली सांगतात, शिंकतात. पण हात वर करत नाहीत. घरातही म्हणे आता मुकाट शिरतात. ताई परवा हसत सांगत होती, "मांगून येऊन उभे राह्यतात, मले दचकाले होते." सांगता सांगता तिचं हसणं मधेच थांबलं.

उद्या ग्रामसभा आहे. आज सकाळी मी त्यांच्याकडे गेलो. ते ओसरीत दावं वळत बसले होते. म्हणालो, "भाऊ, उद्या मी सभेत उभा राहून सांगणार हाओ. आवाज मीच देल्ला म्हणून. कोणाला देल्ला, कोण घेऊन आला होता, सारं." त्यांनी दाव्याला पीळ दिला. मला वाटलं, रागावतील. निदान माझ्याकडे पाहतील.

"सरपंचाच्या घरी जाऊन आला का?"

"नाही."

"मंग आधी त्याले सांगून ये. त्यालेही तयारी करू दे." थोडं थांबून म्हणाले, "चाय देल त घेजो. कप इसळून ठेवजो."

"तुम्ही येता का सभेले?"

ते दाव्याला पुढचा पीळ देऊ लागले.

मी सरपंचांकडे जाऊन आलो. चहा मिळाला नाही. खोलीची किल्ली मागितली गेली, ती दिली. परत येताना साडभाऊंच्या घरावरून आलो. दोरी रिकामी होती. ताई पेजेचं गंज, म्हणजे पातेलं, घेऊन म्हशीकडे निघाली होती. मला पाहून थांबली.

"जाऊन आला का त्याच्याकडं?"

"हो, ताई."

तिने रिकाम्या दोरीकडे पाहिलं. मग पेज न ओतताच तशीच वळली आणि गंज घेऊन घरात गेली.