गुड ट्राय, मॅडम

माझा स्वभाव भांडखोर आहे, हे आधीच सांगून टाकते. पुण्यात सोसायटीच्या चेअरमनपासून कोपऱ्यावरच्या भाजीवाल्यापर्यंत सगळ्यांशी माझं वाजलेलं आहे आणि त्या सगळ्यांशीच माझं उत्तम जमतं. दिवाळीचा फराळ आमच्याकडून पहिला जातो तो चेअरमनच्याच घरी. त्यामुळे कंपनीने बंगळूरला बदली केली आणि नवऱ्याला नि बारावीतल्या मुलीला मागे ठेवून मी बेळ्ळंदूरच्या एका उंच इमारतीत एकटी राहायला आले, तेव्हा माझी फार पंचाईत झाली. इथे कोणी भांडतच नव्हतं. लिफ्टमध्ये सगळे गोड हसायचे. ऑफिसात एक चूक दाखवायची तर आधी भरपूर कौतुक करायचे. कित्येक महिन्यांत माझ्यावर कोणी आवाज चढवला नाही, आणि मी कोणावर चढवावा इतकं कोणी जवळ आलं नाही. नवरा फोनवर विचारायचा, माणसं कशी आहेत? फार चांगली आहेत रे, असं म्हणायचे आणि मला रडू यायचं.

अशात वरच्या मजल्यावर राहणाऱ्या नागपूरच्या एका मुलाने मला रविवारी सकाळी वाळूतल्या व्हॉलीबॉलला बोलावलं. मुलगा म्हणजे तिशीचा, पण माझ्यासमोर मुलगाच. जवळच भाड्याने मिळणारं मैदान आहे, जो येईल त्याला खेळायला घेतात, असं म्हणाला. मी शाळेत थ्रोबॉलच्या संघात होते, कॅप्टनसुद्धा. मध्ये नेट असतं, चेंडू पलीकडे घालवायचा असतो, मग फरक तो काय असणार? इंदिरानगरला जाऊन खास बूट घेतले. मैदानावर पोचले तर सगळे अनवाणी.

तिथे सर्वांत ज्येष्ठ होते ते सरकारी कारखान्यातून निवृत्त झालेले एक कन्नड गृहस्थ. त्यांना सगळे अण्णा म्हणत. टीम तेच पाडायचे, भांडणं तेच मिटवायचे, आणि बरीचशी लावूनही तेच द्यायचे. पहिलीच सर्व्हिस माझ्याकडे आली. मी चपळाईने मागे सरकले आणि चेंडू छातीशी झेलला. इतका सुरेख झेल की टाळ्यांसाठी क्षणभर थांबलेसुद्धा. सगळे नुसते बघत राहिले. नागपूरकर जवळ येऊन हळूच म्हणाला की ताई, यात झेलत नाहीत. अण्णांनी मान डोलावली आणि म्हणाले, "गुड ट्राय, मॅडम."

पुढचे बरेच रविवार मी हेच ऐकलं. चेंडू नाकावर बसला, गुड ट्राय. चेंडूऐवजी नेटला हात लागला, गुड ट्राय. उडी मारली असं मला वाटायचं, पण पाय वाळूत रुतलेले असल्यामुळे बघणाऱ्याला माझे नुसते हात वर गेलेले दिसत असणार. त्यालाही गुड ट्राय. एकदा तर मी केस बांधत असताना चेंडू माझ्या बाजूने निघून गेला, तेव्हासुद्धा अण्णा सवयीने तेच म्हणाले.

आणि इतरांना मात्र ते काय बोलत! नागपूरकर चुकीच्या जागी उभा राहिला की अण्णा कन्नड, हिंदी आणि इंग्रजी अशा तिन्ही भाषांतून त्याची अब्रू काढत. तो खी खी हसायचा, पुढच्या वेळी नीट उभा राहायचा, आणि खेळ संपल्यावर दोघं एकाच बाकावर बसून कॉफी प्यायचे. मला चक्क हेवा वाटायला लागला. चाळिशी ओलांडलेली बाई मी, आणि एका म्हाताऱ्याने आपल्याला झापावं म्हणून झुरत होते.

मग मी हट्टाला पेटले. संध्याकाळी तळघरातल्या पार्किंगच्या भिंतीवर चेंडू मारून सराव करू लागले. मनगटापासून कोपरापर्यंत हात काळेनिळे झाले. ऑफिसातल्या एका सज्जन मुलीने मला मीटिंगच्या खोलीत नेऊन, दार लावून, घरी सगळं ठीक आहे ना, असं अगदी हळू आवाजात विचारलं. नवरा पुण्यात असतो म्हटल्यावर ती जरा निर्धास्त झाली. व्हॉलीबॉल म्हटल्यावर तिचा विश्वास बसला नाही.

शेवटी न राहवून मी नागपूरकराला विचारलं, अण्णा मला कधीच का रागावत नाहीत? त्याला प्रश्नच कळला नाही.

"तुमच्यावर काहून ओरडतील ते, ताई?" तो म्हणाला. "तुमच्याकडून काही अपेक्षाच नाही ना."

तो हे धीर द्यायला म्हणाला होता. मला ते इतकं लागलं की पुढचा रविवार मी घरीच काढला.

त्यानंतरच्या रविवारी गेले ती फक्त घरात करमेना म्हणून. जोडून सुट्ट्या आल्यामुळे अर्धं शहर गावाला गेलेलं, खेळायला माणसं कमी. मला मागच्या रांगेत उभं राहावं लागलं, शेजारी खुद्द अण्णा. दोन-तीन चेंडू मी हातांवर घेऊन बरे उचलले. अण्णांचं गुड ट्राय आलं नाही. मग एक उंच चेंडू आला, बरोबर आम्हा दोघांच्या मधोमध. वडीलधारा माणूस आहे, त्यांनाच घेऊ द्यावा, असा सुसंस्कृत विचार करून मी बाजूला झाले. चेंडू आमच्यामध्ये धपकन वाळूत पडला.

अण्णा माझ्याकडे वळले. चेहरा लाल झाला होता.

"एनम्मा, निद्दे माडतिद्दीया?"

झोपा काढतेस का, इतकं मला कळलं. पुढचं सगळं कन्नड डोक्यावरून गेलं, पण माझे पाय, माझे डोळे आणि बहुधा माझी अक्कल यांचा त्यात समाचार होता. नागपूरकर मध्ये पडून म्हणाला की जाऊ द्या अण्णा, ताई नवीन आहेत. अण्णांनी त्याला हातानेच उडवून लावलं. कसली नवीन, चेंडू तिचा होता, असं त्यालाच हिंदीत सुनावलं.

आता मी ऐकून घेणाऱ्यातली नाही. चेंडू त्यांच्या खांद्याच्या बाजूला होता, हे मी त्यांना खणखणीत पुणेरी मराठीत सांगितलं. ते कन्नडमध्ये नाही म्हणाले. मी वाळूवर पायाने रेघ ओढून दाखवली. त्यांनी ती पुसून दुसरी ओढली. पलीकडचे लोक चेंडू घेऊन ताटकळत उभे होते. दोघांनाही एकमेकांचं अक्षर कळत नव्हतं, पण एकही मुद्दा कोणी सोडला नाही. मला इतकं बरं वाटत होतं की ते भांडण संपूच नये असं वाटलं.

घरी आल्या आल्या नवऱ्याला फोन लावला. माझा बसलेला आवाज ऐकून, सर्दी झाली का, असं त्याने विचारलं. म्हटलं, नाही, कडाक्याचं भांडण झालं.

तो म्हणाला, "चला. म्हणजे तिथे कोणाशी तरी ओळख झाली म्हणायची."