मेढीला फुटवा

खांब दिसला की हलवून बघायची मला खोड आहे. तारेच्या कुंपणाचा सिमेंटचा पोल असो, गोठ्याचा मेढका असो की बसस्टँडवरच्या पत्र्याखालचा लोखंडी पाइप, हात आपोआप जातो. निम्मं आयुष्य शेतात डांब रोवण्यात गेलं, त्याचाच हा परिणाम असावा. बायको म्हणते, आमच्या लग्नात सप्तपदी चालू असताना मी मांडवाचा बांबू हलवून बघितला होता. साफ खोटं आहे. बघितला होता, पण सप्तपदीच्या आधी.

यंदा उन्हाळ्यात पोरीचं लग्न केलं. मांडव भाड्याचा, सगळे लोखंडी पाइप. मांडववाल्यानं दोन तासांत उभा करून दिला. पण मेढ काही भाड्यानं मिळत नाही. मांडवाचा तो पहिला खांब आपला आपणच आणून रोवायचा. ओढ्याकाठच्या उंबराची मनगटाहून जाड फांदी मी स्वतः तोडून आणली आणि अंगणात दीड हात खड्डा घेतला. बायकांनी त्यात दूध, हळद-कुंकू, सुपारी घातली, वर पिवळ्या फडक्यात हळकुंड बांधलं. मी माती ठोकून घट्ट केली आणि हलवून बघितली. जागची हलली नाही.

लग्न झाल्यावर मेढ उपटून नदीला सोडायची असते. ती राहून गेली. खरं सांगायचं तर कामाला आली म्हणून राहिली. तिला धुण्याची तार बांधली, खाली शेळी बांधली, डिशची वायरही तिच्यावरूनच घरात घेतली. मेव्हणा एकदा आला तेव्हा हसून म्हणाला, "दाजी, मेढीचा पार लायटीचा डांब करून टाकला की तुम्ही."

श्रावणात पोरगी परत आली. सासरहून, घनसावंगीहून जीपनं, एकटी, हातात एक पिशवी. "दोनदा हात उचलला त्यांनी. तिसऱ्या वेळंची वाट बघणार न्हाई," एवढं आईला सांगितलं आणि उष्टी भांडी पडली होती ती घासायला बसली.

मला राग आला. जावयाचा आला, स्थळ आणणाऱ्या मेव्हण्याचा आला आणि, लिहायला लाज वाटते, थोडा पोरीचाही आला. त्या दिवसापासून माझं कशातच मन लागेना. शेतात जायला निघायचो आणि अर्ध्या वाटेतून परत फिरायचो. बांधावरचे सगळे पोल हलवून झाले, परत पहिल्यापासून सुरू केले. पारावर कोणी विचारलं, "पोरगी कवा जाणार?" की मी सांगायचो, पोळा झाला की. पोळा झाला. मग दसरा म्हणू लागलो. तिला मात्र एकदाही विचारलं नाही. घरी आलो की तिच्याकडे न बघता आधी मेढीला हात घालायचो. ती आता थोडी थोडी हलत होती. उन्हाळ्यात एवढी घट्ट बसवलेली आता सैल कशी झाली, याचाही मला राग यायचा.

भाद्रपदात पावसानं ओढ दिली. बांधावरचं गवतसुद्धा पिवळं पडलं. आणि तशात एका सकाळी बायकोनं हाक मारली, "अहो, इकडं या जल्दी." मेढीला, हळकुंडाच्या फडक्याच्या जरा खाली, तीन हिरवे कोंभ आले होते.

दुपारपर्यंत अंगणात बायका जमल्या. मेढ फुटली म्हणजे पोरीचा संसार फुलणार, यावर सगळ्यांचं एकमत झालं. गोष्ट मेव्हण्यापर्यंत गेली आणि दुसऱ्या दिवशी तो हजर. बाजेवर बसल्या बसल्या म्हणाला, "दाजी, शकुन बिलकुल साफ हाय. जावई बी नरम आलेत. उद्याच्या उद्या पाठवून द्या पोरीला."

मला ते पटत चाललं होतं. खरं तर मला ते पटायलाच हवं होतं. शकुनानं ठरवलं की आपल्याला काही ठरवावं लागत नाही. लोकांना उत्तर मिळतं, आपण मोकळे. "चहा घ्या, मंग बोलू," म्हणून मी उठलो आणि सवयीनं मेढीपाशी जाऊन तिला हात घातला.

"हलवू नका, बाबा."

पोरगी शेजारीच भांडी घासत होती. वर न बघता बोलली.

"का?"

"आत्ता कुठं मुळं धरून राह्यली ती. तुम्ही येता-जाता हलवता, मंग कशी धरंल?"

तिनं भांडी विसळलेल्या पाण्याचं घमेलं उचललं आणि मेढीच्या बुडाशी ओतलं. तेव्हा मी खाली बघितलं. बुडाभोवती मातीचं गोल आळं केलेलं होतं, कडा हातानं थापलेल्या. धुण्याची तार सोडून भिंतीच्या खिळ्याला बांधली होती. शेळी गोठ्याकडे गेली होती. हे सगळं रोज माझ्या डोळ्यांसमोर होतं आणि मी नुसता खांब हलवत होतो.

"रोज घालती पाणी?" मी विचारलं.

"आल्यापासून."

मी हात काढून घेतला. बायको चहा घेऊन दारात उभी होती; तिनं सगळं ऐकलं होतं. तिनं माझ्यावरची नजर काढली नाही.

मी बाजेवर जाऊन बसलो. मेव्हण्यानं बशीत चहा ओतला. "मंग दाजी, बराबर ना? उद्या पाठवता?"

"न्हाई पाठवत."

"अन् एवढा शकुन झाला त्याचं काय?" त्यानं मेढीकडे हात केला.

"ती आमच्या अंगणात फुटली," मी म्हणालो.