कोणी काही बोललं नाही तर

ऑफिसात तिला सगळे ताई म्हणत, तिच्याहून वयाने मोठे असलेलेसुद्धा. काम असं, की ऐकणाऱ्याला जांभई यावी. काळ्या पडद्यावर एक ओळ टाइप केली की एका यंत्रावरच्या फायली दुसऱ्यावर हलवणारा एक छोटासा प्रोग्राम होता, त्याची ती देखभाल करी. वापरणाऱ्याने त्या ओळीत आपले पर्याय नीट लिहिले तर प्रश्नच नव्हता. पण माणसं कुठली लिहितात? तेव्हा कोणी काही सांगितलंच नाही तर प्रोग्रामने आपलं आपण काय करायचं, म्हणजे डिफॉल्ट काय ठेवायचं, हे ठरवण्यात तिची निम्मी नोकरी गेली होती.

त्या दिवशी बैठकीत याच गोष्टीवरून जुंपली. पलीकडे त्याच नावाची फाइल आधीच असेल, तर प्रोग्राम तिच्यावर बेधडक नवी फाइल लिहून मोकळा व्हायचा. ताईचं म्हणणं, आधी विचारावं.

"अहो, रात्रीची कामं आपोआप चालतात," साहेब म्हणाले. "उत्तर द्यायला कोण बसलंय तिथं? सकाळपर्यंत ताटकळेल बिचारा."

"मग जुनी फाइल तशीच ठेवून थांबावं आणि तसं कळवावं. कोणी बोललं नाही म्हणजे हो म्हटलं, असं धरू नये."

एरवी अवाक्षर न काढणारी बाई इतकं बोलली म्हणून असेल, साहेबांनी मान्य केलं. ताईला मनापासून आनंद झाला. तो खुर्ची सरकवेपर्यंतच टिकला.

"आणि हो," उठता उठता साहेब म्हणाले, "दुसऱ्या शहरातल्या शाखेने नव्या कामाची प्रमुख म्हणून तुम्हाला मागितलं होतं. मी कळवून टाकलं, जमणार नाही म्हणून. घरी वडील अंथरुणाला खिळलेले, तुम्ही कसल्या जाताय. तरी वेगळं काही असेल तर उद्यापर्यंत सांगा."

तिला धड रागही येईना. माणूस चांगला, हेतू चांगला, आणि म्हणाला ते खोटं कुठं होतं? पण तिला जायचं होतं. हे तिचं तिलाच तेव्हा कळलं, आणि रडू आलं.

संध्याकाळी स्वयंपाकघराचं दार ओढून घेऊन तिने भावाला फोन लावला. आई गेल्यावर बाबांचं कोण बघणार, याची चर्चा अशी कधी झालीच नव्हती. भाऊ-वहिनी आपल्या घरी परतले, धाकटी सासरी गेली, आणि ताई होती तिथंच राहिली.

"दादा, मला बदली मिळतेय. सहा महिने तरी बाबांना तुझ्याकडे नेशील?"

"तुझ्याशिवाय त्यांचं पान हलत नाही गं. आणि इतकी वर्षं तू कधी काही बोलली नाहीस."

"मला कोणी विचारलंच नाही."

"विचारलं असतं तर नाही म्हणाली असतीस?" हा टोमणा नव्हता. त्याला खरंच जाणून घ्यायचं होतं.

दारापलीकडे बाबा खोकले. त्या खोकल्यावरूनच तिला कळलं, उशी घसरली आहे.

"नसते म्हणाले," ती म्हणाली.

"मग?" भाऊ म्हणाला, आणि त्याने सोडलेला निःश्वास तिला फोनमधून स्वच्छ ऐकू आला. उद्या साहेबांना सांगायला आता काही उरलं नव्हतं. तिने फोन ठेवला, आत जाऊन बाबांची उशी सारखी केली.

"कोण होतं गं?"

"दादा. तुमची चौकशी करत होता."

"गुणाचा आहे पोरगा," बाबा म्हणाले आणि पाण्यासाठी तोंड उघडलं.